संकटकाळचा शिरस्ता



कोणाच्या तरी स्मरणार्थ बोलायला उभे राहणाऱ्या माणसाने स्मरणाविषयीच बोलावे हे उचितच होय. मात्र ज्या स्मरणाविषयी मी आज बोलणार आहे ते मनुष्याच्या मेंदूत वसणारे नसून माशाच्या यकृतात, कल्ल्यांत आणि स्नायूंत वसणारे आहे, त्याला शब्द नाहीत, चित्रे नाहीत, आणि ज्या प्रसंगांचे ते स्मरण आहे ते प्रसंग माणूस या भूतलावर येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी घडून गेलेले आहेत. पाणी एकाएकी तापले, पाण्यातला प्राणवायू आटला, नदीच्या मुखाशी खारेपणा पालटला अथवा भक्षक पाठीशी लागला, म्हणजे माशाचे शरीर जी धावपळ करते ती त्या क्षणी सुचलेली नसते. कोणती जनुके जागी करायची, कोणती निजवायची, ती कोणत्या क्रमाने, आणि संकट टळल्यावर पूर्वपदावर कसे यायचे, याचा एक ठरीव शिरस्ता पूर्वजांकडून त्याच्या पेशीपेशीत आलेला असतो. हा शिरस्ता किती जुना आहे, तो इतका काळ कसा टिकला, आणि ज्याचे मला सर्वांत अधिक महत्त्व वाटते तो प्रश्न म्हणजे तो कोठे व कशामुळे मोडला, एवढेच आपणांपुढे मांडण्याचा माझा मानस आहे.

ताण हा शब्द आपण हल्ली फार सैलपणे वापरतो. परीक्षा, कर्ज, लग्नकार्य, सगळ्यांचाच ताण येतो. शरीरशास्त्रात या कल्पनेचा पाया १९३६ साली माँट्रिअल येथे हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलेल्या एका छोट्या टिपणाने घातला गेला. उंदरांना थंडीत ठेवा, शस्त्रक्रियेची इजा करा, अतिश्रमाने दमवा अथवा विषारी औषध टोचा, आघात कोणताही असो, शरीरात दिसणारी लक्षणे तीच: अधिवृक्क ग्रंथी वाढलेल्या, यौवनलोपी ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. आघात भिन्न आणि उत्तर एक, हा सेल्ये यांचा खरा शोध. आणि उत्तर एक असेल तर ते उत्तर देणारी यंत्रणाही कोठेतरी एक असली पाहिजे, हे त्यातून ओघानेच येते. ती यंत्रणा जनुकांच्या पातळीवर प्रथम दिसली ती मात्र उंदरात नव्हे, माशातही नव्हे, तर फळांवर घोंघावणाऱ्या एका क्षुद्र माशीत.

नेपल्सच्या प्रयोगशाळेत फेरुच्चो रितोस्सा नावाचे एक तरुण संशोधक फळमाशीच्या अळीच्या लालाग्रंथींतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळीत असत. ही गुणसूत्रे अवाढव्य असतात, आणि ज्या ठिकाणचे जनुक कामाला लागले असेल त्या ठिकाणी ती फुगीर दिसतात. एके दिवशी कोणीतरी उष्णपेटीचे तापमान नकळत वाढवून ठेवले, आणि रितोस्सांना एरवी जेथे फुगवटे दिसत तेथे न दिसता भलत्याच जागी नवे फुगवटे उठलेले दिसले. तेही तासाभराने नव्हे, काही मिनिटांत. दुसरा कोणी असता तर त्याने बिघडलेला नमुना म्हणून काच धुऊन टाकली असती. रितोस्सांनी तो प्रयोग पुन्हा केला, तापमानाऐवजी पेशीच्या श्वसनात बिघाड करणारी रसायने वापरूनही केला, आणि फुगवटे त्याच जागी उठले. १९६२ साली हा लेख प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी एका मान्यवर नियतकालिकाने तो विद्वज्जनांच्या उपयोगाचा नाही म्हणून परत केला होता, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. या परत आलेल्या लेखाची आठवण मी नव्या संशोधकांना मुद्दाम करून देतो, कारण उपयोगाचे काय आणि निरुपयोगी काय हे ठरवण्याचा अधिकार पुष्कळदा काळाकडेच राखून ठेवलेला असतो. बारा वर्षांनी, १९७४ साली, आल्फ्रेड तिसिएर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की तापलेल्या माशीच्या पेशी आपले नेहमीचे उत्पादन आवरते घेऊन मोजक्या काही प्रथिनांच्या निर्मितीस लागतात. या प्रथिनांना पुढे उष्माघात-प्रथिने हे नाव रूढ झाले, आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रथिन आपल्या रेणुभारावरून ‘एचएसपी-७०’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

या प्रथिनांचे काम काय? प्रत्येक प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली एक लांब साखळी असते, आणि ती घडी बरोबर असेल तरच ते आपले काम करू शकते. उष्णतेने घडी उलगडते. अंड्याचा पांढरा बलक कढत पाण्यात गोठून जातो तेव्हा डोळ्यांना दिसते ती हीच क्रिया. उलगडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून पेशीत गाळ साचू लागतो. एचएसपी-७० अशा उलगडलेल्या प्रथिनाला धरते, भलत्या संगतीपासून आवरते, आणि पुन्हा आपल्या घडीवर येण्यास अवसर देते. नव्या नवरीबरोबर सासरी जाऊन चार दिवस तिला सावरणाऱ्या बाईला आपल्याकडे पाठराखीण म्हणतात; या प्रथिनांसाठी याहून समर्पक शब्द मला सुचत नाही, आणि येथून पुढे मी तोच वापरणार आहे.

आता नियमनाकडे वळू, कारण माझा विषय पाठराखीण हा नसून तिला बोलावणे धाडणारा अंमलदार हा आहे. या अंमलदाराला उष्माघात-घटक म्हणतात. एरवीच्या शांततेच्या दिवसांत काही पाठराखणी त्याच्याच अंगाला लागून राहतात आणि त्याला निष्क्रिय ठेवतात. पेशी तापली, प्रथिने उलगडू लागली, की पाठराखणींना तिकडे धावावे लागते. अंमलदार मोकळा सुटतो, आपल्यासारख्याच दोघांशी जोडला जाऊन त्रिकूट बनतो, आणि उष्माघात-जनुकांच्या मुखाशी असलेल्या एका ठराविक खुणेवर जाऊन बसतो. ही खूण म्हणजे डीएनएच्या लिपीतील पाच अक्षरांचा गट, ज्याची मधली तीन अक्षरे जी-ए-ए अशी असतात. असे किमान तीन गट, एक सुलटा व एक उलटा या क्रमाने, एकापुढे एक लागतात. खुणेवर त्रिकूट बसले की जनुकाचे वाचन सपाट्याने सुरू होते, नव्या पाठराखणी तयार होतात, त्या उलगडलेल्या प्रथिनांना सावरतात, आणि काम उरकून रिकाम्या झालेल्या पाठराखणी परत त्या अंमलदारालाच येऊन धरतात. हुकूम देणारा आणि हुकमाला आवर घालणारी यांचा हा बंदोबस्त इतका नेटका आहे की यात बाहेरून कोणी तापमान मोजून सांगावे लागत नाही. किती प्रथिने विसकटली हेच येथले तापमापक.

या शिरस्त्याचे वय किती असावे? पाठराखीण स्वतः अतिप्राचीन आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जीवाणूचे तज्जातीय प्रथिन आणि आपल्या पेशीतले एचएसपी-७० शेजारी शेजारी मांडले तर निम्म्याच्या आसपास दुवे जसेच्या तसे जुळतात, आणि आपण व तो जीवाणू यांच्या वाटा फुटून अब्जावधी वर्षे लोटली आहेत. जीवाणूत मात्र अंमलदार निराळा आहे. तेथे उष्माघात-घटक नसून सिग्मा-३२ नावाचे दुसरेच प्रथिन हुकूम काढते. तरीही तेथेसुद्धा पाठराखीणच त्या अंमलदाराला एरवी धरून ठेवते आणि संकटात सोडते! राज्य बदलले, अंमलदार बदलला, दप्तराची लिपी बदलली, तरी कारभाराची पद्धत तीच राहिली, असा प्रकार आपल्या इतिहासातही आपण पाहिला आहे; शिवपूर्व काळातले कित्येक महसुली शब्द पेशवाई ओलांडून इंग्रजी अमलापर्यंत चालत आले ते याच न्यायाने. यीस्टपासून मनुष्यापर्यंत, म्हणजे ज्यांच्या पेशीत केंद्रक आहे अशा जीवांत, अंमलदारही तोच आणि त्याची खूणही तीच.

हे केवळ अक्षरे ताडून सांगितलेले नाही. १९८२ साली केंब्रिजच्या ह्यू पेल्हम यांनी फळमाशीचे उष्माघात-जनुक माकडाच्या पेशीत घातले. माशीच्या जनुकाच्या मुखाशी असलेली खूण माकडाच्या अंमलदाराने ओळखली आणि जनुक कामाला लागले. परंतु ते कोणत्या तापमानाला? माशीला जे असह्य होते त्याला नव्हे; माकडाच्या पेशीला जे असह्य होते त्याला. पुढे १९९३ साली याच्या उलट प्रयोग झाला: मनुष्याचा उष्माघात-घटक फळमाशीच्या पेशीत ठेवण्यात आला, आणि मनुष्याच्या देहात ज्या उष्णतेला तो निवांत पडून राहिला असता त्याच्या पुष्कळ अलीकडे, माशीच्या उंबरठ्यावर, तो जागा झाला. या साऱ्या विषयात मला हे दोन प्रयोग सर्वांत मर्मग्राही वाटतात. यंत्रणा सर्वांची एक. ती केव्हा चालू व्हायची याचा उंबरठा मात्र ज्या घरात ती नांदते त्या घराचा. जे जतन झाले ते काय आणि जे बदलत आले ते काय, याचा निवाडा या दोन प्रयोगांत झाला आहे, आणि माशांविषयी मला जे सांगायचे आहे ते सारे याच निवाड्याचा विस्तार होय.

मासेच का, असे कोणी विचारील. सस्तन प्राणी आणि पक्षी आपले रक्त आपल्या घरच्या चुलीवर ऊन ठेवतात. माशाचे, ट्यूनासारखे थोडके अपवाद सोडले तर, तसे नाही. कल्ल्यांतून प्राणवायू घ्यायचा म्हणजे सारे रक्त पाण्याच्या पातळ पडद्यापाशी आणावे लागते, आणि प्राणवायू आत येतो त्याच वाटेने उष्णता निघून जाते. पाण्याचे तापमान तेच माशाचे तापमान. ज्या प्राण्याला ऊन-थंडीपासून पळायला स्वतःच्या कातडीच्या आतही जागा नाही, त्याच्या देहात संकटाचा शिरस्ता सर्वांत उघडा दिसावा हे स्वाभाविकच आहे. शिवाय पृष्ठवंशी प्राण्यांत निम्म्याहून अधिक जाती माशांच्याच आहेत, आणि त्या गोठत्या ध्रुवसमुद्रापासून वाळवंटातील उन्हाने तापलेल्या डबक्यांपर्यंत पसरलेल्या आहेत. प्रयोगशाळांत जगभर मान पावलेला झेब्रा मासा तर मूळ आपल्याच उपखंडातला: १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी तो अमेरिकेतील ऑरेगन येथे जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या हाती अनुवंशशास्त्राचे साधन झाला. २०१३ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा मनुष्याच्या जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांना या बोटभर माशात जोड सापडली. त्याच्या उष्माघात-जनुकाच्या मुखाशी असलेली खूण इतकी विश्वासू आहे की संशोधक ती तोडून आपल्या इच्छेच्या दुसऱ्या जनुकापुढे जोडतात, साडेअठ्ठावीस अंशांत वाढणाऱ्या भ्रूणाला घटकाभर ३७-३८ अंशांच्या पाण्यात ठेवतात, आणि हवे ते जनुक हव्या त्या वेळी चालू करून घेतात.

कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत गिलिक्थिस मिराबिलिस नावाचा एक मासा राहतो. ओहोटीला पाणी ओसरले की तो चिखलातल्या बिळात वा उथळ थारोळ्यात अडकून पडतो, पाण्यातला प्राणवायू संपला तर पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो, आणि दिवसाच्या उन्हापासून रात्रीच्या गारव्यापर्यंत एका दिवसात कितीतरी अंशांचे चढउतार सोसतो. त्याचे वर्णन ऐकताना मला आपली निवटी आठवल्यावाचून राहत नाही. ठाण्याच्या खाडीकाठी, पनवेलकडच्या खाजणांत, ओहोटीच्या चिखलावर डोळे वर काढून सरपटणारी, चाहूल लागताच बिळात गडप होणारी, आणि कोळणीच्या पाटीत आल्यावरही तासन् तास जिती राहणारी निवटी ही त्याच गोबी-वर्गाच्या गोतावळ्यातली. १९९२ साली थॉमस डीट्झ आणि जॉर्ज सोमेरो यांनी या कॅलिफोर्नियाच्या माशात एक मोठी सूचक गोष्ट दाखवली. हिवाळ्यात धरलेला मासा आणि उन्हाळ्यात धरलेला मासा यांना सारखेच तापवले, तर हिवाळी माशाच्या पेशी काही अंश आधीच आपत्कालीन प्रथिने करू लागतात. उन्हाळी मासा त्याच उष्णतेला अजून स्वस्थ असतो. पेल्हम यांच्या प्रयोगात उंबरठा जातीजातीत बदलला होता, येथे तो एकाच जातीत ऋतूऋतूंत बदलला. जुन्या वाड्याचा दरवाजा, कडी, कोयंडा सगळे तेच ठेवून पाणी चढेल तसा उंबरा उंच करावा, तसे हे आहे. आणि उंबरा असा हलता आहे म्हणूनच दरवाजा इतकी युगे बदलावा लागला नाही, असे माझे मत आहे.

पेशीच्या या अंतर्गत बंदोबस्ताखेरीज माशाच्या देहात दुसरी एक मध्यवर्ती कचेरी आहे, आणि सेल्ये यांनी उंदरात पाहिली ती हीच. मेंदूतून निघालेला संदेश पीयूषिका ग्रंथीत येतो, तेथून संप्रेरक रक्तात उतरते, आणि ते कॉर्टिसॉल सोडवून घेते. आपल्यात कॉर्टिसॉल मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून येते. माशात अशी सुटी ग्रंथी नाही, तेच काम करणाऱ्या पेशी डोक्याकडच्या मूत्रपिंडभागात विखुरलेल्या असतात. कचेरीची इमारत निराळी, खलिता मात्र अक्षरशः तोच: माशाच्या आणि माझ्या रक्तातील कॉर्टिसॉल हा एकच रेणू आहे. तो पेशीत शिरून ग्राही-प्रथिनाला भिडतो, ग्राही केंद्रकात जाते, आणि सहा-सहा अक्षरांच्या, एकमेकांकडे तोंड केलेल्या व मध्ये तीन अक्षरांची फट ठेवलेल्या एका जोडखुणेवर बसून जनुकांना जागवते वा निजवते.

या ग्राहीची वंशावळ जोसेफ थॉर्नटन यांच्या सहकाऱ्यांनी ज्या रीतीने शोधली ती पाहून जुन्या मोडी कागदांवरून हरवलेल्या मूळ सनदेचा पाठ ठरवणाऱ्या संशोधकाची आठवण होते. आज जिवंत असलेल्या प्राण्यांच्या ग्राहींचे पाठ ताडून त्यांनी ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या पूर्वजाच्या ग्राहीचा पाठ निश्चित केला, ते प्रथिन प्रत्यक्ष बनवले, आणि २००६ साली दाखवले की त्या काळी जगात नसलेल्या आल्डोस्टेरॉन या संप्रेरकालाही ते प्रतिसाद देते. कुलूप आधी होते, ही किल्ली मागाहून घडली. जबडा नसलेल्या लॅम्प्री या आदिम माशात आजही असे एकच ग्राही आहे, आणि त्याचे ताणसंप्रेरक कॉर्टिसॉल नसून त्याच्या एक पायरी अलीकडचे ११-डीऑक्सिकॉर्टिसॉल आहे, हे २०१० साली उघड झाले. पुढे आजच्या बहुतेक अस्थिमत्स्यांच्या पूर्वजात, तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, सबंध जनुकसंचच दुप्पट झाला. जणू दप्तराच्या दोन प्रती झाल्या. रेनबो ट्राउट माशाने कॉर्टिसॉल-ग्राहीच्या दोन्ही प्रती ठेवल्या, झेब्रा माशाने एक गमावली. दोघांचेही चालले आहे.

प्राणवायूच्या दुर्भिक्षाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. ज्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तो प्राणवायू ओळखणारा घटक माशांतही त्याच रीतीने चालतो: प्राणवायू पुरेसा असेल तर घटक सतत घडत असूनही सतत मोडला जातो, प्राणवायू आटला की मोडणे थांबते आणि घटक जनुकांवर जाऊन बसतो. वर सांगितलेल्या त्याच खाडीतल्या गिलिक्थिसला प्राणवायूच्या टंचाईत ठेवले असता, असे अँड्र्यू ग्रेसी व सोमेरो यांच्या २००१ च्या अभ्यासात दिसले की, स्नायू हालचालीच्या प्रथिनांचा खर्च आवरतो आणि यकृत प्राणवायूविना ऊर्जा व साखर करण्याच्या मागे लागते. दुष्काळात शहाणे घर जसा खर्च आवरते तसाच.

नियमनात लहानसा फेर पडून जात कशी स्थानिक होते याचे उदाहरण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील फंड्युलस या किलीफिशमध्ये सापडते. उत्तरेस मेनपासून दक्षिणेस जॉर्जियापर्यंत हा एकच मासा पसरला आहे, आणि त्या वाटेवर अक्षांशामागे सरासरी एक अंश या मानाने पाणी ऊन होत जाते. उत्तरेकडच्या माशाच्या यकृतात लॅक्टेट डीहायड्रोजिनेज-बी हे विकर दक्षिणेकडच्याच्या सुमारे दुप्पट असते, असे डग्लस क्रॉफर्ड व डेनिस पॉवर्स यांनी १९८९ साली मांडले. हा फरक जनुकाच्या मुखाशी असलेल्या नियामक भागातला, आणि तेथे ताणसंप्रेरकाला ओळखणाऱ्या खुणेचाही त्यात हात आहे, हे पॅट्रिशिया शुल्टी यांच्या पुढच्या कामातून दिसले. खुणेत दोनचार अक्षरे इकडची तिकडे झाली, आणि एकाच जातीच्या दोन बिऱ्हाडांचे संकटाला उत्तर वेगळे झाले.

आता मी दक्षिण ध्रुवाकडे वळतो. मॅकमर्डो साउंड येथे समुद्राचे पाणी वर्षानुवर्षे उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या गोठणबिंदूवरच. तेथील ट्रेमाटोमस बर्नाकी आणि त्याचे गोत्रज एक ते दीड कोटी वर्षे अशाच पाण्यात नांदत आले आहेत. थंडीवर मात करण्यासाठी या वंशाने जे मिळवले ते विलक्षण आहे: रक्तात बर्फाचे कण वाढू न देणारे गोठणरोधक प्रथिन, आणि त्याचे जनुक स्वादुपिंडातल्या एका पाचक विकराच्या जनुकातून घडले, हे लियांगब्याव चेन, आर्थर डीव्हरीस आणि ची-हिंग चेंग यांनी १९९७ साली सिद्ध केले. जे गमावले तेही तितकेच विलक्षण. याच वंशातील हिममत्स्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही; त्यांचे रक्त तांबडे नसून पाण्यासारखे निर्वर्ण आहे. आणि २००० साली ग्रेचेन हॉफमन, सोमेरो व सहकारी यांनी ट्रेमाटोमसला तापवून पाहिले तेव्हा, यीस्टपासून मनुष्यापर्यंत जो प्रतिसाद गृहीत धरला जात होता तो आलाच नाही. मासा तापला, आणि पाठराखीण वाढली नाही.

तो लेख मी प्रथम वाचला तेव्हा जनुकच नाहीसे झाले असावे असे मला वाटले. तसे नव्हते. जनुक आहे. अंमलदार आहे, आणि तो आपल्या खुणेवर बसूही शकतो. पुढील अभ्यासांतून निघाले ते असे की संकटकाळासाठी राखलेले जनुक या माशात अहोरात्र चालूच असते. इतक्या थंडीत प्रथिनांच्या घड्या धड बसत नाहीत, पाठराखणीचे काम कधी संपतच नाही, आणि जो अपवाद होता तोच नित्यक्रम झाल्यामुळे हुकूम सोडण्या-आवरण्याचा जो शिरस्ता त्याचे प्रयोजन उरले नाही. एक-दीड कोटी वर्षांत एकही उन्हाळा आला नाही, आणि उन्हाळ्याला उत्तर देण्याची कला न वापरता गेली. न्यूझीलंडच्या समशीतोष्ण किनाऱ्यावर राहणाऱ्या याच गोतावळ्यातील माशांत मात्र हा प्रतिसाद शाबूत आहे.

यावरून जतन या शब्दाचा अर्थ मला निराळा वाटू लागला. जुना दस्तऐवज लोखंडी पेटीत ठेवला की तो सुरक्षित राहतो, असे जतन जीवसृष्टीत नाही. येथे जतन आहे ते गावच्या पायवाटेसारखे. कोणी रोज चालते म्हणून ती वाट आहे, चालणे थांबले तर दोन पावसाळ्यांत तेथे टाकळा माजतो. अंमलदार, खूण आणि आवर घालणारी पाठराखीण या तिघांचा संबंध अब्जावधी वर्षे टिकला तो प्रत्येक पिढीत कोठेतरी पाणी तापले, प्राणवायू आटला, आणि ज्यांचा शिरस्ता बिघडला होता ते त्या दिवशी मेले म्हणून. निवडीचा हा कठोर हिशेब एका वंशापुरता थांबला, आणि तेथे शिरस्ता ढासळला. सोमेरो आणि डीव्हरीस यांनी १९६७ सालीच नोंदले होते की हे ध्रुवीय मासे पाणी सहा अंशांच्या आसपास गेले की मरतात. सहा अंश! पौषातल्या पहाटे आपल्या विहिरीचे पाणीदेखील याहून कितीतरी ऊन असते. दक्षिण महासागर आता तापत आहे, आणि या माशांना पळून जायला त्याहून थंड असा समुद्र पृथ्वीवर उरलेला नाही. ही चिंता मी अलंकार म्हणून बोलत नाही. या माशांविषयी मला खरोखर वाईट वाटते.

आणि जे मासे बदलत्या पाण्यात राहतात ते निश्चिंत आहेत असेही नव्हे. उंबरठा हलतो, पण कोठवर? उन्हाने तापलेल्या थारोळ्यात राहणारा जीव पुष्कळदा आधीच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाशी राहत असतो, त्याला आणखी वर सरकण्यास जागा थोडी असते. निवटीचा उंबरठा पौषात किती आणि वैशाखात किती, भांगाच्या दिवसांत थारोळी अधिक वेळ उन्हात राहतात तेव्हा तिच्या पेशी काय करतात, खाडीत कारखान्याचे पाणी सुटले म्हणजे तोच शिरस्ता दुहेरी ओझ्याखाली कसा चालतो, हे प्रश्न आपल्या किनाऱ्याचे आहेत, आणि त्यांची उत्तरे कॅलिफोर्नियाच्या चिखलातून येणार नाहीत.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती रत्नागिरीपासून ठाण्यापर्यंत खाडीकाठी असलेल्या महाविद्यालयांतील जीवशास्त्राच्या अध्यापकांना व विद्यार्थ्यांना आहे. एक खाजण निवडा. तेथील कोळ्यांशी राबता ठेवा. कोणत्या ओहोटीला निवटी कोठे मिळते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. चिखलाचे आणि थारोळ्याचे तापमान वर्षभर रोज, ओहोटीच्या तळाशी, नोंदत जा, आणि हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा, त्या माशांच्या पेशींत एचएसपी-७० किती आहे व ते कितव्या अंशाला वाढू लागते हे मोजा. पहिल्या वर्षी नुसती तापमानाची वही झाली तरी चालेल. ती वही येत्या मार्गशीर्षात सुरू करा.